बोटं किती दिसतायत?

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो.

तीनदा टाइप केलं. तीनदा डिलीट केलं. एक तर यात माझ्या सगळ्यात जवळच्या दोन माणसांच्या घरातली भांडणं आहेत. दुसरं म्हणजे मला लिहिता येत नाही. कोडिंगसुद्धा व्हिडिओ बघून शिकलोय मी. पण मागच्या शुक्रवारी जे झालं, त्यानंतर गप्प बसवेना.

यातलं एक अक्षर खोटं नाही. पटलं तर घ्या.

आणि आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही. बुधवार, २२ जानेवारी २०२५. दुपारचे चार. गाव युट्रेख्ट, नेदरलँड्स.

गोष्ट अस्मिताची आहे.

अस्मिता मिरजेची. तिथे एका डोळ्यांच्या दवाखान्यात पाच वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट होती. दिवसाला साठ-सत्तर पेशंट. लोक डॉक्टरांच्या आधी तिला विचारायचे, "मॅडम, काय दिसतंय?" मग राघवशी लग्न झालं आणि ती इकडे आली. राघव नायमेखनला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. बुधवार सोडला तर रोज सकाळी सायकलने युट्रेख्ट स्टेशन, पुढे ट्रेन. मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. शुक्रवारी रात्रीचं जेवण ठरलेलं, त्यांच्याकडे.

इकडे आल्यावर अस्मिताची डिग्री म्हणजे रद्दी झाली.

कागद पाठवले. उत्तर आलं, अर्ज मिळाला, सव्वीस आठवडे लागतील. सव्वीस आठवड्यांनी उत्तर आलं, एक कागद कमी आहे. तो पाठवला. पुन्हा सव्वीस आठवडे. मध्ये डच भाषेची परीक्षा. ती पास झाली, तर म्हणे वरची पायरी पाहिजे. तोपर्यंत कुणाच्या डोळ्यात डोकवायचीसुद्धा सोय नाही.

"माझे हात गंजतायत रे," असं ती म्हणायची. भांडी घासताना म्हणायची, त्यामुळे राघव हसायचा. ती हसत नसायची.

शेवटी नोकरी लागली ती एका म्युझियममध्ये. म्युझियम म्हणजे गल्लीतलं एक अरुंद तीनमजली घर. दीडशे वर्षांपूर्वी तिथे डॉक्टर व्हान आस्पेरन राहायचे. डोळ्यांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर राहणं. लग्न केलं नव्हतं.

अस्मिताचं काम म्हणजे आलेल्या लोकांना घर फिरवून दाखवायचं.

उत्तरेची मोठी खिडकी. तिच्यासमोर ते सकाळच्या उजेडात मोतीबिंदू काढायचे. ऑपरेशन झालं की पेशंट आठ दिवस अंधारात उताणा. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, बोलायचं नाही, चावायचंसुद्धा नाही. नुसती पातळ पेज.

मग बोळातला लांब बाक. दर बुधवारी गरिबांना फुकट तपासायचे. चाळीस-चाळीस माणसं बसायची. बसून बसून लाकूड खोलगट झालंय.

वरती जेवणाची खोली. तिथे भिंतीवर त्यांच्या डायरीतलं एक वाक्य फ्रेम करून लावलंय. "जेवणाच्या टेबलावर मी डॉक्टर नाही." लोक ते वाचून हसतात. कारण असं होतं की डॉक्टरांना मोठ्या मोठ्या घरांतून आमंत्रणं यायची, पण कुणी सुखाने जेवू द्यायचं नाही. बायका ताटावरून वाकायच्या आणि पापणी खाली ओढून दाखवायच्या. चष्म्याचा नंबर विचारायच्या. डॉक्टर इतके वैतागले की त्यांनी हा नियमच केला. कुणाच्याही घरी गेले तरी टेबलावर डोळ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

एकाच घरी ते मनापासून जायचे. लांबर्ट नावाचा मित्र होता, पियानो विकायचा. दर शुक्रवारी त्याच्याकडे जेवण, मग गाणंबजावणं. डॉक्टर व्हायोला वाजवायचे. वाईट वाजवायचे, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

आणि सगळ्यात शेवटी काळी खोली.

तळमजल्यावर, मागे. भिंती काळ्या. खिडकीला जाड लाकडी झडप. डोळ्याच्या आत बघायला अंधार लागतो, म्हणून भर दिवसा अंधार केलेली खोली. एक दिवा, मधोमध भोक असलेला मुठीचा आरसा, आणि समोरासमोर दोन खुर्च्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

तिथे अस्मिता लोकांना एक टेस्ट करून दाखवायची. डॉक्टर पेशंटला सांगायचे, माझ्या नाकाकडे बघा. मग हात लांब करून, पार कडेने, बोटं हलवत हलवत आत आणायचे. बोटं दिसली की सांगायचं. किती, ते सांगायचं. झालं. अजूनही दवाखान्यात हेच करतात. समोरचं दिसतंय का ते कळायला अक्षरांचा तक्ता आहे. पण कडेचं गेलं तर माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. जे दिसतच नाही, ते दिसत नाही हे कळणार कसं?

म्युझियम चालवणारी बाई मारायके. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "टेस्ट खेळ म्हणून कर. पण कुणाला त्याच्या डोळ्यांबद्दल एक शब्दही सांगायचा नाही. तू इथे गाइड आहेस."

गाइड. पाच वर्षं, दिवसाला सत्तर पेशंट, आणि आता गाइड.

नोव्हेंबरपासून सुरू झालं.

एका बुधवारी सकाळी तिने काळी खोली उघडली, आरसा उचलला आणि...

मूठ गरम होती.

कुणीतरी बराच वेळ धरून आत्ताच खाली ठेवल्यासारखी. खोलीत हीटर नाही. किल्ली तिच्याच खिशात.

पुढच्या बुधवारी एक म्हातारी बाई बघायला आली होती. इकडे मॅडमला मेव्राउ म्हणतात. जाताना म्हणाली, "मेव्राउ, तुमचे ते सहकारी जरा शिष्ट वाटले. मी दोनदा नमस्कार केला, उत्तर नाही. नुसती बोटं दाखवली."

"कुठले सहकारी?"

"आतले. काळ्या कोटातले."

त्या दिवशी म्युझियममध्ये कामाला अस्मिता एकटी होती.

मग बाक. ती वर जेवणाच्या खोलीत असली की खालून आवाज यायचा. कर्र... थांबायचा. पुन्हा कर्र... जरा पुढे. रांग एक एक माणूस सरकते ना, तसा. खाली येऊन बघावं तर बोळ रिकामा. आणि दर वेळी बुधवारच.

तिने घरी सांगितलं. राघव म्हणाला, "बघ, मेल्यावरसुद्धा फुकट ओपीडी चालवतोय बिचारा. आणि तू जिवंतपणी बसून आहेस."

तो बोलून गेला. तिला लागलं. दोन दिवस बोलली नाही.

पण खरी काळजी भुताची नव्हती. राघवची होती.

राघव धडपडत होता. पाण्याचा ग्लास डाव्या हाताला ठेवला की सांडायचाच. दाराच्या चौकटीला कधी हा खांदा, कधी तो. डोकं दुखायचं. डिसेंबरमध्ये सायकलवरून दोनदा पडला. एकदा उजवीकडून आलेली बाई दिसली नाही, एकदा डावीकडचा खांब.

"इथले लोक अंगावर येतात!" तो ओरडायचा.

"खांब पण अंगावर आला का?" अस्मिता विचारायची.

तिला पहिल्या दिवसापासून संशय होता. याचं कडेचं जातंय. दोन्हीकडचं. घोड्याला झापडं लावतात तसं. आणि हा रोज सकाळी आठला त्या झापडांसकट युट्रेख्टच्या सायकलींच्या लोंढ्यात शिरतोय. एक दिवस नुसता खांब नसेल. बस असेल.

ती म्हणायची, फक्त दोन मिनिटं समोर बस. तो बसायचा नाही. कारण होतं त्याला. आदल्या वर्षी तिने राघवच्या ऑफिसातल्या सुबोधला चहा पिता पिता सांगितलं होतं, तुझ्या डोळ्याच्या नसेला काहीतरी आहे. बिचारा तीन महिने रांगेत थांबला, सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. ऑफिसात राघवची टर उडाली. तेव्हापासून त्याने घरात नियम केला होता.

"माझ्यावर डॉक्टरकी करायची नाही. निदान जेवताना तरी नाही."

तरी तिने त्याला हाउसआर्त्सकडे पाठवलं. म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय मोठ्या दवाखान्याचं दार उघडत नाही. त्याने तक्ता वाचून घेतला आणि पॅरासिटामोल सांगितली. मग चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचं प्रेशर बघितलं. नॉर्मल.

राघव नाचतच घरी आला. "सहा बाय सहा! दोन्ही डोळे! फक्त म्युझियम ऑप्टिकल्समध्येच दोष निघाला वाटतं?"

अस्मिताने कढई आपटली. "कडेचं बघितलं का कुणी? कडेचं?"

कुणीच बघितलं नव्हतं.

१७ जानेवारी. शुक्रवार. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. वरणभात, बटाट्याची भाजी. अस्मिता राघवच्या समोर, मी बाजूला. ती त्याला वाढत होती, नजर त्याच्या ताटावर. आणि तिला दिसलं...

राघवच्या डाव्या कानाजवळ काहीतरी हललं.

तिने मान वर केली. भिंत. कॅलेंडर. बाकी काही नाही.

खाली बघितलं. पुन्हा हललं.

तिने माझ्याकडे बघितलं. माझा घास हातातच राहिला होता. कारण मलाही दिसलं होतं. सरळ बघितलं की नाही. नजर जरा दुसरीकडे वळवली की... दोन बोटं. हवेत. कुणीतरी आपलं लक्ष वेधून घेतं तशी हलणारी.

"काय झालं?" राघव म्हणाला. "मीठ जास्त आहे का?"

बोटं त्याच्या कानापासून वीतभर लांब होती. त्याला पत्ताच नव्हता.

अस्मिता काही बोलली नाही. मीही नाही. जेवताना डॉक्टरकी नाही, हा नियम होता ना घरात.

त्या रात्री तिने ठरवलं. याला काळ्या खोलीत बसवायचंच.

बुधवारी राघव घरून काम करतो, मीही. मारायके सुट्टीवर होती. अस्मिताने तीन वाजता फोन केला, म्युझियमचा कॉम्प्युटर बंद पडलाय, दोघंही या. थाप होती. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. बाहेर राखाडी उजेड, भुरभुर. म्युझियममध्ये चिटपाखरू नाही. बोळातून जाताना बाकाजवळ मला उगीच अंग चोरून चालावंसं वाटलं. माणसं बसलेली असली की चालतो तसं.

"कुठाय कॉम्प्युटर?" राघवने विचारलं.

"कॉम्प्युटर नाहीये. खुर्ची आहे. बस."

"अस्मिता!"

"पाच मिनिटं. त्यानंतर जन्मात डोळ्यांचं नाव काढणार नाही."

"लिहून दे."

"अथर्व साक्षीदार आहे."

"मला थंडी वाजतेय," मी म्हटलं. "लवकर आटपा."

राघव बसला. तोंड वाकडं करून, पण बसला. अस्मिता समोर. गुडघ्याला गुडघा. मी तिच्या मागे, दारात. झडप बंद होती. दिव्याचा तेवढा पिवळा उजेड, राघवच्या तोंडापुरता.

"माझ्या नाकाकडे बघ."

"छान आहे."

"हलू नकोस. बोटं दिसली की सांग. किती, तेही सांग."

तिचे हात गार पडले होते. सुरू करायच्या आधी ती ते मांडीवर चोळत होती. नजर राघवच्या डोळ्यांवर. तपासणारा तसंच बघतो, पेशंटने चोरून नजर हलवू नये म्हणून.

आणि तिच्या नजरेच्या कडेला...

बोटं आली.

राघवच्या डाव्या कानापासून हातभर लांब. तीन. लांबट, फिकी. मनगटाला पांढरी कडक कफ. त्याच्या मागे हात होता का माहीत नाही. मागे सगळा अंधार. बोटं सावकाश हलत होती. पाण्यात हलावीत तशी.

तिला वाटलं मी मस्करी करतोय. मागे न बघता म्हणाली, "अथर्व, हात खाली कर."

"मी दारात आहे," मी मागून म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कारण मलाही दिसत होती.

तिने सरळ तिकडे बघितलं. काळी भिंत. पुन्हा राघवच्या डोळ्यांकडे बघितलं. बोटं वीतभर आत सरकली होती.

"कर ना सुरू," राघव म्हणाला.

तिच्या जागी मी असतो तर पळालो असतो. मी तेवढ्यासाठीच दाराची मूठ धरून ठेवली होती. पण अस्मिता उठली नाही. नंतर तिने मला सांगितलं, "भीती वाटली रे. पण तपासणी बरोबर चालली होती. अगदी बरोबर. अर्ध्यात कशी सोडू?"

खोलीत तेलाचा वास यायला लागला. दिव्यात बल्ब आहे. तेल नाही.

"आता दिसतायत?" तिने विचारलं.

"नाही."

बोटं कानाशी आली.

"आता?"

"नाही गं. तू हलवतेयस का नक्की?"

बोटं गालाला समांतर आली. हलत होती. पेशंटला घाई करायची नसते, तसं हळूहळू.

"आता?" तिचा आवाज फाटला.

"काहीच नाही. अस्मिता, चेष्टा करतेयस का?"

बोटं डोळ्याच्या कोपऱ्याला आली. तिथून पुढे. नाकाकडे.

"हां! दिसली! तीन. अगं, एकदम काय आणतेस, डोळ्यात जातील ना." त्याने ती बाजूला करायला हात वर केला. "आणि हात किती..."

तो थांबला.

"...किती गार आहे तुझा."

मग त्याने खाली बघितलं.

अस्मिताचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

खुर्ची पडली. राघव मला ढकलून बोळात धावला आणि उजव्या खांद्याने चौकटीवर आपटला. आम्ही मागे. मागून काळ्या खोलीचं दार आपोआप लागलं. आपटलं नाही. हळूच, अदबीने... आत पेशंट असला की लावतात तसं.

आणि बाकावरून आवाज आला.

कर्र.

पुढचा सरकला.

रस्त्यावर आल्यावर राघव पायरीवर बसला. पांढराफटक. "कोण होतं ते? कोण होतं आत? तुम्ही दोघांनी मिळून..."

"माझ्या हाताला हात लावून बघ," मी म्हटलं. माझे हात गरम होते, घामाने भिजलेले.

"भूत बाजूला राहू दे रे!" अस्मिता किंचाळली. गल्लीतल्या दोन सायकली थांबल्या. "राघव, माझ्याकडे बघ. ती बोटं हातभर लांबून आली. आम्हाला दोघांना पहिल्यापासून दिसत होती. तुला नाकाशी आल्यावर दिसली. मधली सगळी वाट कुठे गेली? सांग. कुठे गेली?"

राघवने आपला डावा हात लांब केला, समोर बघत बोटं हलवली आणि हळूहळू आत आणत राहिला. खूप आत येईपर्यंत आणत राहिला.

मग रडला.

पुढचं सोपं असेल असं वाटत असेल तर तुम्ही इथे राहिलेला नाहीत.

दुसऱ्या दिवशी हाउसआर्त्सला फोन. तातडीचं नसेल तर दोन आठवडे. अस्मिता राघवला घेऊन थेट जाऊन बसली. तीन तासांनी आत घेतलं. डॉक्टर शांतपणे म्हणाला, डोळे तपासलेत, नॉर्मल आहेत, तीन महिन्यांनी बघू.

"कडेचं बघा," ती म्हणाली.

"मेव्राउ, तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर आहात का?"

"इथे नाही."

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या केबिनमध्ये, त्याच्यासमोर, राघवची टेस्ट सुरू केली. डॉक्टर उठून दाराकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत थांबला. मग स्वतः समोर बसला. स्वतःची बोटं हलवली. डावीकडून. उजवीकडून. पुन्हा डावीकडून.

मग फोन उचलला. हळू आवाजात बराच वेळ बोलला.

दोष डोळ्यांत नव्हताच. मेंदूच्या तळाशी, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, तिथे बोराएवढी गाठ होती. नसा दाबत होती. सर्जन म्हणाला, अजून थोडे महिने गेले असते तर जे गेलं ते परत आलंच नसतं. फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं. नाकातून. गाठ साधी निघाली.

राघव हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा अस्मिताने मारायकेकडे डॉक्टरांची शेवटची वही मागितली. ती वही काचेच्या कपाटात ठेवत नाहीत. मारायके म्हणाली, "शेवटी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लोकांना कशाला दाखवायचं?"

अस्मिताने तीन रात्री डिक्शनरी घेऊन ती वाचली.

लांबर्टला कडेचं दिसत नव्हतं. डॉक्टरांना हे दोन वर्षं माहीत होतं. दर शुक्रवारी त्यांच्या डोळ्यांसमोर लांबर्ट डावीकडचं मीठ चाचपायचा, उजवीकडची मेणबत्ती पाडायचा. टेबलावर सगळे हसायचे. डॉक्टरही हसायचे. एकदा लिहिलंय, आज सांगणार होतो. पण सूप आलं.

पण सूप आलं.

मग एका शुक्रवारी जेवणानंतर लांबर्ट त्यांना कालव्यापर्यंत सोडायला आला. बोलत बोलत कडेने चालला होता. युट्रेख्टला कालव्याच्या बाजूला खाली धक्के आहेत, दोन माणसं खोल. त्याला कड दिसलीच नाही.

त्यानंतर डॉक्टर जेवायला कुठे बसले नाहीत. पण जायला लागले. आमंत्रण नसताना. कुणाच्याही घरी, बरोबर जेवणाच्या वेळी. टेबलाशी उभे राहायचे आणि एकेकाच्या बाजूला हात लांब करून बोटं हलवायचे. बोटं किती दिसतायत? लोकांनी आधी सहन केलं, मग दारं बंद केली. मोठ्या घरांनी ओळख सोडली. बुधवारची रांग तेवढी राहिली.

वहीच्या शेवटच्या पानांवर फक्त नावं आहेत. आणि प्रत्येकापुढे एकच शब्द. दिसली. दिसली. दिसली. शेवटच्या नावापुढे काही नाही. ते नाव लांबर्टच्या धाकट्या भावाचं आहे, असं मारायके म्हणाली. त्याने दार उघडलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी आम्ही तिघं पुन्हा त्याच टेबलावर होतो. पिठलं-भाकरी. राघवची नजर हळूहळू परत येत होती. किती आलीय, ते त्यालाही नीट सांगता यायचं नाही.

तो भाकरी मोडता मोडता थांबला. नजर ताटात. एकदम कुजबुजला.

"अस्मिता... माझ्या डावीकडे कोण उभंय?"

अस्मिताने तोंडावर हात ठेवला.

"किती?" तिने विचारलं. "राघव, बोटं किती?"

"दोन. अस्मिता, कोण आहे?"

ती ढसाढसा रडायला लागली. आनंदाने. त्याचे दात वाजत होते आणि ही रडत हसत त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. असं दृश्य मी जन्मात बघितलं नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

अस्मिताचे कागद अजून अडकलेलेच आहेत. शुक्रवारचं जेवण चालू आहे. बोटं कधीमधी येतात. आम्ही बोलत नाही त्यावर. दिसली की तिघं एकमेकांकडे बघतो आणि जेवतो. सवय झाली म्हणणार नाही. पण चालवून घेतो.

मागच्या शुक्रवारी अस्मिताने चमचा खाली ठेवला. राघवनेही. दोघंही आपापल्या ताटाकडे बघत होते.

"काय झालं?" मी म्हटलं.

"अथर्व," अस्मिता म्हणाली, "तुझ्या उजवीकडे. किती?"

"काय किती?"

राघवने माझं ताट बाजूला सरकवलं.

मग अस्मिताने तिथेच, उष्ट्या हातानेच, मला तपासलं. तिची बोटं मला सगळी दिसली. पार कडेची. डावीकडची, उजवीकडची, प्रत्येक. राघवने करून बघितलं. त्याचीही दिसली. मी मोबाइलमध्ये बघत होतो, म्हणून ती निसटली असतील, असं मी म्हटलं. मोबाइल खिशात होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सगळ्यांची दिसली. डॉक्टरांचीच दिसली नाहीत.

याचा अर्थ काय, अस्मितालाही माहीत नाही. पाच वर्षांत असा पेशंट बघितला नाही म्हणाली. आणि माझा हात सोडेना.

म्हणून तिला शब्द दिलाय, इथेही लिहून देतो. अस्मिता, सोमवारी सकाळी आठला हाउसआर्त्सचा फोन सुरू झाला की पहिला फोन माझा. पॅरासिटामोल घ्या म्हणाले तरी ठेवणार नाही. आणि तोपर्यंत सायकलला हात लावणार नाही.